सुई नाही तर फी कसली?



आमच्या वस्तीत डॉक्टर हुशार की बेताचा, हे ठरविण्याची एक सोपी रीत आहे. सुई देतो तो हुशार. सुई देऊन वर सलाईन लावतो तो फारच हुशार. आणि जो नुसते तपासून, चार प्रश्न विचारून, "काही विशेष नाही, दोन-तीन दिवसांत बरे वाटेल" असे सांगून परत पाठवितो, त्याला काहीच येत नाही, असा निकाल नळावर लागतो. नळावरच्या निकालावर अपील नसते.

असा निकाल लागलेले एक डॉक्टर वस्तीच्या तोंडाशी गेली पंचवीस वर्षे दवाखाना चालवीत आहेत. आपले नाव छापू नये असे त्यांचे म्हणणे, म्हणून छापत नाही. दवाखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली, मध्ये हिरवा पडदा आणि पडद्याबाहेर दोन बाकडी. कार्यालय सुटल्यावर विहाराकडे जाताना आमची वाट तिथूनच जाते. गर्दी नसली की अर्धा तास बसणे होते. डॉक्टरांचा स्वभाव विनोदी. ते म्हणतात, "या धंद्यात हसलो नसतो तर मलाच बीपीची गोळी लागली असती. तशी ती लागलीच, पण दहा वर्षे उशिरा लागली."

एके दिवशी आमच्यासमोरच घडलेला संवाद देतो. एक आजी आल्या होत्या. डॉक्टरांनी छाती, घसा, ताप, सगळे नीट पाहिले.

"आजी, सर्दी आहे. छाती साफ आहे. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा, दोन दिवस आराम करा."

"आन् सुई?"

"सुईची गरज नाही."

"मंग पैसं कशाचं?"

"तपासल्याचे, आजी."

"तपासलं तर तपासलं. त्यानं तुमचं काय झिजलं का?"

आजी गेल्यावर डॉक्टर आपल्या गळ्यातल्या नळीकडे बघत म्हणाले, "आजींचे बरोबर आहे. पंचवीस वर्षांत ही नळी खरोखरच फारशी झिजलेली नाही."

आम्ही हसलो खरे, पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. आपला समाज पोटाला चिमटा घेऊन मुले शिकविणारा. कुणाच्या आईने भांडी घासली, कुणाच्या बापाने गोदीत पाठीवर पोती वाहिली, तेव्हा पोरगा डॉक्टर झाला. शिक्षणाची किंमत आपल्याइतकी कोणाला ठाऊक? आणि तोच शिकलेला डॉक्टर डोक्यातले वापरतो तेव्हा फी द्यायला आपला हात आखडतो. हातातले वापरले, सुई टोचली, की मुकाट्याने नोट निघते. मग तोही माणूसच. त्याच्या समोरच्या गल्लीत कसलीही पदवी नसलेला एक जण येईल त्याला सुई टोचून पाठवितो आणि त्याच्या दारात रांग लागते. हे पाहून किती डॉक्टर किती दिवस तत्त्वाला धरून राहतील? पुष्कळ चांगल्या डॉक्टरांना वाईट सवयी आपणच लावल्या, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फीचे हे दुखणे आजचे नाही. विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची गोष्ट आहे, ती विहारात पुष्कळांनी ऐकली असेल. तक्षशिलेहून वैद्यकी शिकून परत येताना साकेत नगरीत जीवकाजवळचा शिधा संपला. तिथल्या एका श्रेष्ठीच्या पत्नीचे डोके सात वर्षे दुखत होते. मोठमोठे वैद्य सोने घेऊन गेले होते, डोके तसेच. "हा पोरगेला वैद्य काय करणार?" म्हणून तिने आधी नकारच दिला. जीवकाने निरोप पाठविला की आधी काही देऊ नका, बरे वाटल्यावर वाटेल ते द्या. मग त्याने औषधी घालून तूप सिद्ध केले आणि नाकावाटे दिले. ते तोंडात उतरले, बाईने भांड्यात थुंकले आणि दासीला सांगितले, हे कापसाने टिपून ठेव. जीवकाच्या पोटात गोळा आला. टाकून द्यायचे तूप जी बाई टिपून ठेवते, ती आपल्याला फी काय देणार! बाईच्या ते ध्यानात आले. ती म्हणाली, आम्ही संसारी बायका, काटकसर आम्हाला कळते. हे तूप नोकरांच्या पायाला चोळायला होईल, नाहीतर दिव्याला. तुमची फी कुठे जात नाही. डोके त्या एकाच औषधाने थांबले. तिने चार हजार दिले, मुलाने चार हजार, सुनेने चार हजार, नवऱ्याने चार हजार आणि वर दास, दासी व घोड्यांचा रथ.

ही गोष्ट आम्ही डॉक्टरांना सांगितली. ते म्हणाले, "रथ नको. केसपेपरचे तेवढे सुटे द्यायला सांगा."

डॉक्टरांचे रोग्याविषयीचे निरीक्षण बारीक आहे. "कालपासून खोकला आहे" असे कोणी म्हटले की ते 'काल' या शब्दावर कधीच विश्वास ठेवीत नाहीत. आपल्याकडे काल म्हणजे मागचा पगार संपल्यापासून कधीही. महिन्याच्या २५ तारखेनंतर वस्तीत जवळजवळ कोणीच आजारी पडत नाही आणि ७ ते १२ तारखेच्या दरम्यान अख्खी वस्ती खोकते, असे त्यांच्या वहीवरून दिसते. आम्ही ती वही पाहिली. विनोद म्हणून सांगितलेली ही गोष्ट हिशेबाला अगदी खरी आहे.

दुसरा शब्द 'आलोच आहे तर'. केसपेपर एकाचा. तपासून झाले की तो उठत नाही. आलोच आहे तर हिचा बीपी बघा. आलोच आहे तर पोराच्या मानेवरची गाठ बघा. आलोच आहे तर गावाकडे वडिलांचा गुडघा दुखतो, काहीतरी लिहून द्या. गावाकडचा गुडघा मुंबईत बसून कसा बघायचा, ही विद्या कोणत्याही महाविद्यालयात शिकवीत नाहीत. पण डॉक्टर या शब्दावर रागावत नाहीत. त्यांच्या अनुभवाने, खरा आजार पुष्कळदा या 'आलोच आहे तर'मध्येच असतो. पोराच्या मानेवरची गाठ एकदा टीबीची निघाली होती.

आता सलाईनकडे वळतो. आम्ही बी.कॉम. आणि धंद्याने कारकून, तेव्हा ताकदीच्या बाटलीचा जमाखर्च मांडल्याशिवाय राहवत नाही. साधी सलाईन म्हणजे मिठाचे निर्जंतुक पाणी. एका लिटरला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. चहाचा चमचा भरूनही होत नाही. दुसरी ग्लुकोजची बाटली, जिला आपण ताकदीची म्हणतो. तिच्यात शंभर मिलिलिटरला ५ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरला २५ ग्रॅम ग्लुकोज. पाच-सहा चमचे साखर समजा. तिच्यातून ८५ ते १०० कॅलरी मिळतात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी तीनशेच्या वर कॅलरी देते, शिवाय थोडे प्रथिन आणि लोह देते ते वेगळे. म्हणजे एका भाकरीची ताकद यायला तीन-चार बाटल्या लागतात. बाटली, नळी, सुई आणि लावण्याचे मिळून किती पैसे जातात ते वाचकांनी आपापल्या गल्लीच्या भावाने लावावे. भाकरीचा भाव सर्वांना ठाऊक आहेच.

गैरसमज नको. सलाईन ही जीव वाचविणारी वस्तू आहे. उलट्या थांबत नाहीत, जुलाबाने रोगी निपचित पडला, बेशुद्ध आहे, शस्त्रक्रिया आहे, तेव्हा तिला तोड नाही. पण ज्याला गिळता येते आणि पाणी पोटात ठरते, त्याच्या शिरेत पाणी घालून विशेष काही साधत नाही. हृदय किंवा मूत्रपिंड अधू असलेल्या माणसाला जास्तीचे पाणी चढविले तर ते फुप्फुसात साठून दम लागतो. हौसेची सलाईन अशा माणसाला महागात पडते.

"मग सलाईन लावल्यावर बायांना बरे कसे वाटते?" आम्ही विचारले.

डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, पहाटे साडेचारला उठून पाणी भरायचे, डबे करायचे, चार घरची धुणीभांडी करायची, रात्री सगळ्यांच्या मागून जेवायचे. त्या बाईला दिवसाढवळ्या दोन तास पंख्याखाली आडवे पडायला कधी मिळते? सलाईन लावल्यावर. नवरा उशाशी बसलेला कधी दिसतो? सलाईन लावल्यावर. सफरचंदही तेव्हाच घरात येते. तिला बरे वाटते ते खोटे नाही. बाटलीमुळे वाटते एवढेच खोटे."

यावर आम्हाला काही उत्तर सुचले नाही. वाचकांतील नवरेमंडळींनी सुचल्यास कळवावे.

बाटलीवाचूनही काम होते याचा मोठा पुरावा आपल्याच देशात घडला आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. तिथे डॉ. दिलीप महालनबीस काम करीत होते. शिरेतून द्यायची सलाईन संपत आली आणि रोगी जमिनीवर दाटीवाटीने पडलेले. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाण्यात कालविला, पिंपे भरली आणि रोग्यांच्या आयांना, भावांना सांगितले, पाजत राहा. शंभरात तीस दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आले. आज ओ.आर.एस.ची पुडी म्हणून आपण जी ओळखतो ती हीच विद्या. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राने तिची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या शोधांत केली. महालनबीस २०२२ साली वारले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. पुडी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त मीठ लेकराला घातक असते. पुडी कालवायची ती पूर्ण एक लिटरमध्ये. चिमूट चिमूट टाकून तीन दिवस पुरविण्याची काटकसर इथे नको. लेकरू सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी होईना, तर पाजत पाजत दवाखाना गाठावा.

सुईच्या खालोखाल आपला जीव 'स्ट्राँग' गोळीवर. सर्दी आणि साधा फ्लू विषाणूचा असतो. अँटिबायोटिक जिवाणूला मारते, विषाणूला नाही. तरी आपण मेडिकलच्या फळीवर हात ठेवून म्हणतो, मागच्या वेळची ती कॅप्सूल द्या, दोनच द्या. दोन का, तर दोनाचेच पैसे असतात. आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या तर दुसऱ्या दिवशी ताप उतरला की उरलेल्या बिस्किटाच्या डब्यात जातात, पुढच्या पाहुण्यासाठी. डॉक्टर म्हणतात, वस्तीत सर्वांत मोठा औषधसाठा माझ्याकडे नाही, या डब्यांत आहे.

पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी हे फार आधी ओळखले होते. शोध १९२८ चा. १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणात त्यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा धरला. त्याने स्वतःच पेनिसिलिन आणले आणि थोडेसेच घेतले. जंतू मेले नाहीत, उलट औषधाला सरावले. त्या सरावलेल्या जंतूंनी त्याच्या बायकोला न्यूमोनिया झाला. तिला पेनिसिलिन दिले, ते चालले नाही आणि ती गेली. नवऱ्याच्या निष्काळजीपणापायी बायको गेली, असे फ्लेमिंग यांनी त्या भरसभेत सांगितले. आपल्याकडे अशा गोळ्यांच्या पट्टीवर लाल उभी रेघ असते. त्या ओळखायच्या कशा, याचा प्रचार २०१६ साली सरकारने केला. लाल रेघेची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही आणि सांगितलेले दिवस पुरे करायचे.

टीबीत तर हा मामला फारच कठीण. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते आणि माणूस म्हणतो, आता कशाला? साध्या टीबीची औषधे साधारण सहा महिन्यांची असतात. मध्येच सोडली तर जंतू सरावतात, पुढचा उपचार लांब आणि अवघड होतो, आणि दहा बाय बाराच्या खोलीत झोपणाऱ्या सहा-सात जणांना तोच सरावलेला जंतू वाटला जातो. दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत. शिवाय रोग्याच्या आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये बँकेत जमा होऊ लागले, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. आपल्या ओळखीत कोणी रोगी असेल आणि पैसे आले नसतील, तर आधार आणि बँकेचे कागद घेऊन केंद्रात विचारावे. लाजण्याचे त्यात काही नाही.

गुडघेदुखीवर सुट्या गोळ्यांची पुडी देणारेही आपल्याकडे पुष्कळ आहेत. पुडीवर नाव नाही, गाव नाही. एका बाईंचे गुडघे त्या पुडीने आठ दिवसांत चालू लागले आणि दोन महिन्यांत गाल गोल झाले. शेजारणी म्हणाल्या, तब्येत सुधारली. डॉक्टरांनी सांगितले की ही तब्येत नाही, सूज आहे. त्या पुडीत बहुधा स्टेरॉइड होते. स्टेरॉइड योग्य हातात मोठे औषध आहे, पण असे महिनोन्महिने घेतले तर साखर वाढते आणि हाडे ठिसूळ होतात. कोणी अशा पुड्या घेत असेल तर एकदम बंद करू नयेत, त्यानेही अपाय होतो. डॉक्टरला दाखवून हळूहळू कमी कराव्यात.

शेवटी एक हकिकत सांगतो. मागच्या वर्षी एक सासूबाई आपल्या सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. सून चोविशीची, पांढरीफटक, दोन जिने चढली की धाप. "हिला ताकदीची बाटली लावा," असा हुकूम. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावले. हिमोग्लोबिन ७.८ आले. बाईमाणसाचे १२ च्या वर हवे. यात नवल काही नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी शंभरात चौपन्न जणींच्या अंगात रक्त कमी आढळले होते.

डॉक्टरांनी पाळीचे, जंतांचे सगळे विचारून घेतले. मग विचारले, "रात्री तू कधी जेवतेस?" सून खाली बघू लागली. उत्तर सासूबाईंनीच दिले, "समद्यांचं झाल्यावर. आमी बी तसंच केलं."

डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहिले. पहिले औषध, लोहाची गोळी, रोज एक, चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची, शौच काळी झाली तरी घाबरायचे नाही. दुसरे औषध, रात्रीचे जेवण सासूबाईंच्या शेजारी बसून, पहिल्या वाढपात, डाळ किंवा उसळ वाटीभर, जमेल तेव्हा अंडे. मुदत तीन महिने. खाली सही आणि शिक्का.

सासूबाईंना वाचता येत नाही. त्या तडक मेडिकलवर गेल्या. मेडिकलवाल्या पोराने चिठ्ठी दोनदा वाचली आणि गोळ्या काढून दिल्या.

"आन् दुसरं?"

"मावशी, दुसरं आमच्याकडं मिळत नाही."

"मंग कुठं मिळंल?"

"तुमच्याच घरी." आणि त्याने त्यांना चिठ्ठी वाचून दाखविली.

बाई मानी. पण डॉक्टरच्या कागदावर शिक्का होता, आणि शिक्क्याचा कागद मोडायचा नसतो एवढे त्यांना आयुष्याने शिकविले होते. तीन महिने त्यांनी सुनेला शेजारी घेऊन जेविले. मुलाने कुरकुर केली तर कागद दाखविला. तीन महिन्यांनी तपासले तेव्हा रक्त १०.६ निघाले. गोळीने किती वाढले आणि ताटाने किती, याची विगतवारी आम्ही डॉक्टरांकडे मागितली. ते म्हणाले, गोळ्यांचे श्रेय मोठे, पण दोन्ही एकाच खात्यावर जमा आहेत. गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवायला सांगितल्या.

त्या दिवशी सासूबाईंनी आणखी एक काम काढले. "डाक्टर, माझी लेक नांदेडला दिली हाय. तिला बी असाच एक कागद लिवून द्या. तिची सासू शिकल्याली हाय, तिला मेडिकलवाला लागायचा नाय."

पेशंट पाहिल्याशिवाय चिठ्ठी देत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. लेक मे महिन्यात सुट्टीला येणार आहे.